आईच्या रिपोर्टवर अकरा वेळा आर

रिपोर्ट एका पानाचा होता. वर आईचं नाव, वय ६३, सॅम्पल लघवी, खाली जंतूचं नाव ई. कोलाय, आणि त्याखाली १४ अँटिबायोटिक औषधांची नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे चालत नाही, आय म्हणजे मधलंच काहीतरी. मी बोट ठेवत ठेवत खाली गेलो. अँपिसिलिन आर, ऑगमेंटिनमधलं औषध आर, सेफ्ट्रिअॅक्सोन आर, सिप्रो आर, जेंटामायसीन आर, मेरोपेनेम आर. ११ आर, एक आय, दोन एस. मेरोपेनेम तर दोन दिवसांपासून आईला चालूच होतं, दिवसातून तीनदा, आणि एका व्हायलवरची एमआरपी म्हणजे आईची दोन-तीन दिवसांची कापूस वेचणी. ते पाण्यासारखंच शरीरात जात होतं, जंतूला त्याचं काहीच नव्हतं.

नोव्हेंबरातली गोष्ट आहे. वेचणी करून गाठोडं डोक्यावर घेऊन येताना आई धुऱ्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले चार-पाच दिवसात वॉकर धरून उभी करू. आई तर दुसऱ्याच दिवशी म्हणत होती, "मले काई होत नाई, तू जाय घरी, बैलायले कुटार टाकलं का कोनं?" पाचव्या दिवशी संध्याकाळी तिला हिव भरून आलं. असं हिव मी याआधी मलेरियातच पाहिलं होतं, पलंग हलत होता, दोन ब्लँकेट टाकले तरी दात वाजतच होते. रात्री बीपी खाली गेलं, आयसीयूत नेलं, आणि ती काहीतरी भलतंच बोलायला लागली, माझ्या मामाला हाका मारत होती, मामाला जाऊन बारा वर्षं झाली.

हाड जुळलं होतं, जखमही कोरडी होती. घात केला लघवीच्या इन्फेक्शननं. लघवीचं इन्फेक्शन म्हणजे आपल्याकडे बाईमाणसानं सांगायलाही लाजायचं, पाणी कमी प्यायलं, उन्हात राहिलं, सब्जा घे, जवाचं पाणी घे, होऊन जाईल. त्यानं माणूस आयसीयूत जाऊ शकतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

लघवीची नळी लावलेली होती न. ऑपरेशनच्या वेळी लावली, आणि मग राहिली. रोज राऊंडला डॉक्टर यायचे, मी हाडाचं विचारायचो, जेवणाचं विचारायचो, सुट्टी कधी ते विचारायचो, पण ही नळी आज काढता येते का हे एकदाही विचारलं नाही. नंतर कळलं की नळी जितके दिवस आत राहते तितका रोजचा धोका वाढत जातो, कारण जंतू त्या रबराला चिकटून आपला चिकट थर तयार करतात आणि तिथून हळूहळू वर चढतात, आणि त्या थरात औषधही नीट पोचत नाही. आणि अजून एक गोष्ट, ती सांगताना आजही जड जातं. तिसऱ्या दिवशी आईला एक्सरेला नेताना लघवीची पिशवी मी उचलून तिच्या पोटावर ठेवली, स्ट्रेचरवरून लोंबकळू नये म्हणून. सिस्टर धावत आली. "भाऊ, ती पिशवी वर काहून घेतली? वापस आत जाते न लघवी तिच्यानं! खालीच ठेवायची, पण फरशीले नाई लागू द्यायची." मी खाली घेतली. त्या पाच मिनिटांनीच झालं असेल असं नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंही, पण मनातून ते जात नाही.

लॅबमध्ये माझा शाळेतला एक मित्र टेक्निशियन आहे, त्याला भेटायला गेलो तर त्यानं प्लेटच दाखवली, म्हणे हे पाय. काचेची गोल बशी, आत फिकट पिवळी जेलीसारखी, त्यावर साय धरल्यासारखा जंतूंचा पातळ थर. त्या थरावर कागदाच्या छोट्या छोट्या पांढऱ्या चकत्या ठेवलेल्या, आपल्या बायका लावतात त्या टिकलीएवढ्या, ६ मिलिमीटरच्या, प्रत्येक चकतीत एकेक औषध भरलेलं. औषध चालत असलं की चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल रिंगण पडतं, चंद्राला खळं पडतं तसं. नाही चालत तर साय थेट चकतीच्या काठापर्यंत येऊन भिडते. त्या प्लेटवर सहा चकत्या होत्या आणि रिंगण एकालाच होतं. मी विचारलं ही कोणती? म्हणे अमिकासिन. जुनं औषध आहे, स्वस्त आहे, किडनीला जपून द्यावं लागतं म्हणून लोक टाळतात.

मी शेतकरी माणूस, मला ही गोष्ट समजली ती बोंडअळीवरून. २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापूस आला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेलं वाण, सुरुवातीची काही वर्षं अळीचं नाव नव्हतं, फवारणी वाचली, आम्ही खुश. पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, बिगर बीटी बियाण्याची, ती शेताच्या चारी बाजूंनी लावायची असायची म्हणजे काही अळ्या तिथं साध्या राहतील आणि बीटी पचवणाऱ्या अळीची एकट्याची पैदास होणार नाही. किती जणांनी लावली ती पुडी? माझ्या बापानं नाही लावली, मी नाही लावली, आमच्या शिवारात मी तरी कोणी लावलेली पाहिली नाही, जागा वाया जाते म्हणून. मग २०१७ आलं. बोंडं बाहेरून हिरवीगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. त्याच वर्षी फवारणी करता करता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली, ते वर्ष इथं कोणी विसरत नाही. अळीला कोणी शिकवलं नाही बीटी कशी पचवायची. लाखात एखादी अळी मुळातच तशी होती, बाकीच्या मेल्या, ती उरली, शेत तिचं झालं.

जंतूचं हेच आहे, फक्त वेग वेगळा. अळीच्या वर्षाला चार-सहा पिढ्या होत असतील, ई. कोलाय चांगलं खायला मिळालं तर २० मिनिटात एकाचा दोन होतो. हिशोब करून पहा, एका जंतूचे दहा तासात १०० कोटींच्या वर. म्हणजे आई रात्री झोपली तेव्हा जो एक होता तो सकाळच्या राऊंडपर्यंत देशाएवढा झाला.

आणि एका ठिकाणी बोंडअळीचं उदाहरणही कमी पडतं. अळी आपली ताकद फक्त आपल्या पिल्लांना देऊ शकते. जंतू ती शेजाऱ्याला देतो! त्यांच्यात प्लाझमिड म्हणून जनुकाची एक छोटी गोल कडी असते, तिची कॉपी करून तो बाजूच्या जंतूला देऊन टाकतो, दुसऱ्या जातीचा असला तरी. आपण नाही का चांगलं बियाणं निघालं की शेजाऱ्याला पायलीभर देतो, तसंच. त्या एका कडीवर चार-पाच औषधं निकामी करायची कला एकत्र असू शकते, म्हणून ज्याला सिप्रो कधी दिलंच नाही अशा माणसातला जंतूसुद्धा सिप्रोला दाद देत नाही.

आईच्या जंतूत जे होतं त्याचं नाव एनडीएम. यातल्या एनडीचा अर्थ नवी दिल्ली. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या लघवीत हे पहिल्यांदा सापडलं, तो त्याआधी दिल्लीत दवाखान्यात भरती होता, म्हणून ते नाव पडलं. २०१० मध्ये त्यावरून देशात मोठा वाद झाला, आपल्या राजधानीचं नाव जंतूच्या हत्याराला काहून दिलं म्हणून. नावाचा राग येणं मी समजू शकतो. पण नावावर भांडण्यात जी ताकद गेली तिच्यातली थोडी ड्रेनेज आणि दवाखान्यातल्या हात धुण्यावर लागली असती तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. हे एनडीएम म्हणजे जंतूनं बनवलेलं एक कात्रीसारखं एन्झाइम, ते पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंत त्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं कापून टाकतं.

मला कोणावर तरी राग काढायचा होता. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे तुमच्या दवाखान्यात लागलं न? तरुण डॉक्टर होते, चिडले नाहीत. म्हणाले, "दादा, वॉर्डातून आलेला असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण आईच्या स्वतःच्या पोटातला पण असू शकतो. आतड्यात ई. कोलाय सगळ्यांच्याच असतो, तिथं तो काही त्रास देत नाही. नळीवाटे चुकीच्या जागी गेला की त्रास. आणि आपल्याकडे चांगल्या धडधाकट माणसांच्या पोटातही असे रेझिस्टंट जंतू सापडतात." मग त्यांनी मलाच विचारलं, मागच्या दोन वर्षात आईनं कोणकोणत्या गोळ्या खाल्ल्या?

मला सांगता येईना. त्या रविवारी कपडे घ्यायला गावी आलो तेव्हा फडताळातला औषधाचा डबा काढला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. खाटेवर ओतला. सेफिक्झिमच्या पट्टीत तीन उरलेल्या. अझिथ्रोची एक. सिप्रोच्या चार, एक्सपायरी कधीच गेलेली. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल मिळून असते ती, जुलाबाची, सहा. अमॉक्सिसिलिनच्या पाच, ती बहुतेक माझ्या पोरीची होती. आणि एका पुडीत नुसत्या कापलेल्या सुट्या गोळ्या, नाव नसलेल्या, मेडिकलवाल्यानं पट्टी कापून दिलेल्या. काही पट्ट्यांवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ होती. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, २०१६ मध्ये सरकारनं त्याची मोठी मोहीम काढली होती. मी बीएस्सी झालेला माणूस, ती रेघ मी इतकी वर्षं डिझाइन समजत होतो.

यातली प्रत्येक गोळी कशासाठी आणली होती ते मला आठवायला लागलं. सर्दी. घसा. अंग दुखते, वेचणी बुडते. सोयाबीन काढणीच्या वेळचा ताप, तो तर व्हायरलच होता, गावात घरोघरी होता, व्हायरसवर अँटिबायोटिक काहीच करत नाही. पोरीचे जुलाब, तिला ओआरएस आणि झिंक पुरलं असतं, आशाताई ते फुकट देते. म्हणजे अर्ध्याच्या वर वेळा गोळीची गरजच नव्हती, आणि प्रत्येक वेळी आईच्या पोटातले साधे जंतू मरत गेले, निब्बर तेवढे उरत गेले. डॉक्टर म्हणाले कोर्स अर्धवट सोडू नका हे बरोबरच आहे, पण त्याहून मोठा घोळ नको तिथं सुरू करण्याचा आहे.

इथं एक सांगतो, कारण शहरातले लोक लगेच म्हणतात की गावचे लोक अडाणी, काहीही खातात. सरकारी दवाखाना आमच्यापासून ११ किलोमीटर, बस दोन वेळा. गेलं की दिवस जातो आणि मजुरी बुडते. मेडिकल फाट्यावर आहे, संध्याकाळी उघडं असते, "भाऊ, ताप आहे, दोन दिवसाची दे" म्हटलं की वीस-तीस रुपयात काम होते. बाई दुसऱ्या दिवशी सहाला वेचायला जाते. ती काय चुकली? चूक असलीच तर दोन दिवसाची पट्टी कापून देणाऱ्याची आहे, तापावर डोळे झाकून सलाईन आणि स्ट्राँग इंजेक्शन लावणाऱ्याची आहे, आणि दवाखाना ११ किलोमीटरवर ठेवणाऱ्या व्यवस्थेची तर आहेच. कायदा नाही असंही नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, भारी अँटिबायोटिक विकलं की दुकानदारानं रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. मी आमच्या फाट्यावर ते रजिस्टर कधी पाहिलं नाही. केरळात २०२४ पासून दुकानांवर अचानक तपासणी सुरू केली, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकलं तर कारवाई. आपल्याकडे तसं व्हायला काय हरकत आहे?

आणि नुसत्या माणसांच्या गोळ्याच नाहीत. कपाशीवर बॅक्टेरियाचा करपा आला की आपण कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत स्ट्रेप्टोमायसीनची पुडी पंपात टाकायचो, लिंबाच्या खैऱ्या रोगाला पण तेच. स्ट्रेप्टोमायसीन टीबीवरचं पहिलं औषध, १९४३ मध्ये मातीतल्याच जंतूपासून काढलेलं, आणि आईला वाचवू शकणाऱ्या अमिकासिनच्याच घराण्यातलं. मी ते पंपानं शेतात फवारत होतो, उघड्या हातानं. कोंबड्यांच्या खाद्यात तर कोलिस्टिन टाकायचे, वाढ लवकर व्हावी म्हणून. कोलिस्टिन म्हणजे आईच्या रिपोर्टवरचं ते आय, सगळं संपल्यावर काढायचं शेवटचं औषध! २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर बंदी आणली, ते खरंच चांगलं काम झालं.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्री झोप येत नाही, मी मोबाइलवर वाचत बसायचो. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेलच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की एक दिवस हे औषध दुकानात कोणालाही मिळेल, माणूस कमी डोस घेईल, आणि जंतू त्याला सरावतील. त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत शेवटच्या आजारात होत्या, त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानानं मागवलं होतं. इतकं दुर्मिळ होतं ते. गांधीजींनी टोचू दिलं नाही, शेवटच्या क्षणी सुया नको म्हणाले. तेच पेनिसिलिन आईच्या यादीत असतं तरी आरच आलं असतं. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा औषध न चालणाऱ्या जंतूंनी गेली, असा अंदाज २०२२ मध्ये छापून आला. आयसीयूत आईच्या बाजूच्या खाटेवर पायाची जखम चिघळलेले, शुगरवाले एक काका होते, नेरकडचे. चौथ्या रात्री त्यांची खाट रिकामी झाली. त्यांचा पोरगा माझ्याजवळून पाण्याची बाटली घेऊन गेला होता, ती परत द्यायला आला, काहीच बोलला नाही.

आईला अमिकासिन सुरू झालं, नळीही बदलली, आणि दोन दिवसांनी कायमची काढली. दुसरं एस होतं फॉस्फोमायसीन, पण त्याची पावडर मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला चालते, इन्फेक्शन अंगात पसरल्यावर नाही, असं डॉक्टर म्हणाले. अमिकासिनचं त्यांनी आधीच सांगितलं, कागदावर सही घेतली, किडनीवर आणि कानावर परिणाम होऊ शकतो. दिवसाआड रक्त काढून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते, पाहत होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईनं मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तू जेवला का?" मी बाहेर जाऊन रडलो.

सुट्टी झाली तेव्हा डॉक्टरांना विचारलं, पुढं काय लक्षात ठेवू. म्हणाले पुन्हा कधी भरती झाली तर हा रिपोर्ट आधी दाखवा, हा जंतू पोटात महिनोन्महिने राहू शकतो. आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये जंतू उगवून पाहायचं, सॅम्पल गेलं का हे विचारायला लाजू नका, सुरू केल्यावर घेतलं तर कधी कधी काहीच उगवत नाही आणि मग अंधारात औषध द्यावं लागतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतूला उगवायला वेळ लागतो, लॅबवाला झोपलेला नसतो. नळीचं मी आता कोणाच्याही भेटीला गेलो तरी विचारतो. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या सासऱ्याला भेटायला गेलो तर डॉक्टरसमोरच विचारलं, ही आज काढता येते का. त्यांनी तपासलं आणि काढली. आणि खाटेला हात लावायच्या आधी, लावल्यावर, हात धुतो. नातेवाईक येतात, एका पेशंटच्या पायाला हात लावतात, तोच हात दुसऱ्या खाटेच्या दांडीला, कोणी काही म्हणत नाही, म्हणायला पाहिजे.

डबा मी रिकामा केला. आता त्यात पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि आईचा तो रिपोर्ट घडी करून ठेवला आहे, सापडायला सोपा म्हणून.

आई आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. सकाळी अंगणात खाटेवर बसते, तूर निसते. किडनी बरी आहे. कान मात्र गेले थोडे, मोठा आवाज ऐकू येतो, माणसाचं बोलणं येतं, बारीक आवाज गेला, तोच आधी जातो म्हणे आणि परत येत नाही. परवा निंबाखाली बसली होती, वर झाडात चिमण्यांचा नुसता कल्ला चालला होता, आणि ती मला म्हणे, "काहून रे, औंदा चिमण्या कुठी गेल्या?" मी वर पाहिलं. म्हटलं, येतीन माय.